तारीख ग्रुपमध्ये हरवू नये म्हणून: गेमिंग कम्युनिटीच्या साइटला आरएसएस फीड

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सची व्याख्या वेगळी केली गेली. त्या आठवड्यात सोलापुरातल्या गेमिंग ग्रुपांवर काय चाललं होतं ते पोरांना आठवत असेल. बीजीएमआय (पबजी मोबाइलची भारतासाठीची आवृत्ती) बंद झालं असं सांगणारे स्क्रीनशॉट, एंट्री फी घेतली तर पोलीस येतील असं बजावणारे व्हॉइस मेसेज, मधेच कुणाचे तरी वाढदिवसाचे फोटो. खरी बातमीही त्याच ढिगाऱ्यात कुठेतरी होती, पण ती शोधायला कुणाला सवड नव्हती.

आपल्याकडच्या खेळाडूंना असे धक्के नवे नाहीत. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं, त्याच वर्षी जुलैअखेर बीजीएमआयही स्टोअरवरून काढलं गेलं आणि मे २०२३ मध्ये परत आलं. प्रत्येक वेळी तोच गोंधळ: खरं काय आणि ते आपल्याला सांगणार कोण?

यापेक्षा लहान, पण रोजचा त्रास वेगळाच आहे. जुळे सोलापुरातल्या मुलांनी स्पर्धा ठेवली, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटच्या संघांनी नावं दिली आणि नंतर तारीख बदलली. बदलाचा मेसेज ग्रुपवर पडला, त्यावर दीडशे मेसेज चढले. बार्शीचा संघ जुन्याच तारखेला फोन चार्ज करून, रजा टाकून तयार. यात चूक कुणाचीच नसते. निरोप पोचवायची जागाच चुकीची असते.

ज्या कम्युनिटीची स्वतःची साइट आहे, तिच्याकडे यावर पंचवीस वर्षं वापरात असलेला, फुकटचा आणि अगदी साधा उपाय आहे. त्याचं नाव आरएसएस फीड. बहुतेकांच्या साइटवर ती आधीपासून चालू असते आणि कुणाला ठाऊकही नसतं.

फलक आणि तो वाचणारा

कांद्याच्या हंगामात हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डात भावाचा फलक बघा. त्याचे रकाने ठरलेले असतात: शेतमाल, आवक किती क्विंटल, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. फलकावर कांदा नसतो, कांद्याबद्दलची एक ओळ असते. फलक लिहिणारा लिहून मोकळा होतो, कोण वाचून गेलं याची नोंद तो ठेवत नाही. ज्याला गरज आहे तो येतो, वाचतो आणि गावी फोन लावतो. रकाने सगळीकडे जवळपास सारखे असल्यामुळे एकच माणूस सोलापूर, बार्शी आणि लातूर या तिन्ही बाजारांचे भाव एकाच कागदावर उतरवू शकतो.

फीड म्हणजे साइटचा असा फलक. साइटवर नवं काही आलं की त्याची एक ओळ या फलकावर चढते आणि जुन्यातली एक खाली गळते. माणसाला दिसणारं हे पान नसतं. ती एक फाइल असते, यंत्राने वाचायची, ठरलेल्या रकान्यांची. रकाने कसे मांडायचे याचा जो नियम आहे त्याला आरएसएस म्हणतात. पूर्ण नाव रिअली सिंपल सिंडिकेशन. नाव सारखं असलं तरी आपल्याकडच्या संघटनेशी याचा काही संबंध नाही. फाइल लिहिण्याच्या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात: प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर खूण घालायची, म्हणजे शीर्षक कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे यंत्राला कळतं.

फलक वाचून येणारा म्हणजे फीड रीडर. फीडली, इनोरीडर अशी ॲप असतात, थंडरबर्डसारख्या ईमेलच्या प्रोग्राममध्येही ती सोय आहे. त्याला आवडत्या साइट एकदा सांगायच्या. तो ठरावीक वेळाने प्रत्येकीचा फलक बघून येतो आणि नवं तेवढं एका यादीत मांडतो.

साइट रीडरकडे जात नाही, रीडर साइटकडे येतो, ही गोष्ट नीट धरून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. फीड वाचणाऱ्याला साइटला आपला फोन नंबर द्यावा लागत नाही, ईमेल द्यावा लागत नाही, लॉगिन करावं लागत नाही. कंटाळा आला तर रीडरमधून नाव काढायचं, कुणाला विचारायची गरज नाही. आणि मधे कुठल्या कंपनीचा अल्गोरिदम नसतो, म्हणजे कुठली पोस्ट कुणाला दाखवायची हे ठरवणारी यंत्रणा नसते. साइटने दहा नोंदी टाकल्या तर दहाच्या दहा दिसतात, टाकल्या त्या क्रमाने.

एक नोंद जवळून बघू

समजा कम्युनिटीने स्पर्धा जाहीर केली. फीडमधली तिची नोंद साधारण अशी असेल:

शीर्षक: बीजीएमआय स्क्वॉड स्पर्धा, सोलापूर. नोंदणी शनिवारी रात्री ९ पर्यंत
दुवा: साइटवरच्या त्या पानाचा पूर्ण पत्ता
सारांश: १६ संघ, तीन सामने, नकाशे एरँगेल, मिरामार, सॅनहॉक. नियम आतल्या पानावर.
विभाग: बीजीएमआय
प्रकाशनाची वेळ: वार, तारीख, महिना, वर्ष, तास, मिनिटं आणि शेवटी +०५३०
ओळख: या नोंदीची कायमची खूण

यातले शेवटचे दोन रकाने दिसायला क्षुल्लक आहेत. पण जिथे म्हणून फीडचं गाडं अडतं, तिथे बहुतेक वेळा या दोघांपैकीच एक कारण असतं.

ओळख म्हणजे त्या नोंदीचं नाव, जे कधीही बदलायचं नाही. रीडर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या फेरीत तीच ओळख दिसली की ही आपण पाहिलेली नोंद, असं समजून पुढे जातो. साइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवली, पत्त्याची सुरुवात बदलली आणि त्याबरोबर ओळखीही बदलल्या, की वाचणाऱ्यांच्या यादीत मागच्या सगळ्या स्पर्धा नव्याने उगवतात. लोक वैतागतात आणि फीड काढून टाकतात.

वेळेचा रकाना सर्व्हरच्या घड्याळाशी बांधलेला असतो. आपलं भारतीय घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, ते +०५३० तेच सांगतं. हे नीट लावलं नाही आणि संध्याकाळी ७ ची नोंद जागतिक वेळेतली ७ म्हणून गेली, तर सोलापुरातल्या रीडरमध्ये ती रात्री साडेबाराची दिसते, म्हणजे अजून न उजाडलेल्या वेळेची. काही रीडर अशी नोंद वेळ होईपर्यंत दाखवतच नाहीत. म्हणून साइटच्या सेटिंग्समध्ये टाइमझोन कोलकाता आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. आणि सामन्याची वेळ नेहमी शीर्षकात शब्दांत लिहा. प्रकाशनाची वेळ म्हणजे सामन्याची वेळ नव्हे.

तारीख बदलली तर काय? जुन्या नोंदीत दुरुस्ती करून थांबू नका. बरेच रीडर दुरुस्त केलेली नोंद गुपचूप बदलतात, पुन्हा वर आणत नाहीत. ज्याने ती आधी वाचली आहे त्याला कळणारच नाही. नवी नोंद टाका, शीर्षक "तारीख बदलली" असं सुरू करा, आणि जुन्या पानावरही नवी तारीख लिहा.

हे आलं कुठून

मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या पोर्टलसाठी पहिली आवृत्ती काढली. ती घडवणाऱ्यांत डॅन लिबी आणि रामनाथन गुहा होते. गुहा आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. नेटस्केपने लवकरच लक्ष काढून घेतलं आणि डेव्ह वायनर या प्रोग्रामरने ते पुढे नेलं. डिसेंबर २००० मध्ये दुसऱ्या एका गटाने स्वतःची आवृत्ती काढली, त्या गटात चौदा वर्षांचा ॲरन स्वार्ट्झ होता. आज सगळीकडे चालते ती आरएसएस २.० सप्टेंबर २००२ ची. ॲटम नावाचा भावंड-प्रकार डिसेंबर २००५ मध्ये प्रमाण म्हणून आला. आपल्या साइटचं सॉफ्टवेअर आरएसएस देतं की ॲटम, याची काळजी करू नका, रीडर दोन्ही वाचतात.

आधी द्या, मग घ्या

गेमिंग साइटला फीड जोडायची असं कुणी म्हटलं की बहुतेक जण एकच दिशा धरतात: बाहेरच्या बातम्या आपल्या पानावर आणायच्या. गेम कंपनीचे अपडेट, यूट्यूबवरचे व्हिडिओ, परदेशी साइटचे मथळे. पान भरलेलं दिसतं, रोज हलतं, छान वाटतं. माझं मत याच्या उलट आहे, आणि कॉलेजच्या मुलांच्या साइट उभ्या करताना ते पक्कं होत गेलं आहे. आपली फीड बाहेर देणं हे पहिलं काम, बाहेरची आत घेणं हे दुसरं.

कारण सरळ आहे. काउंटर-स्ट्राइकच्या नव्या अपडेटची बातमी जगात कुठेही मिळेल. विजापूर रोडवरच्या कॅफेत रविवारी होणाऱ्या सामन्याची बातमी आपल्या साइटशिवाय कुठेच मिळणार नाही. ज्या साइटवर परक्या मथळ्यांची रांग वाहते आहे आणि आपला शेवटचा निकाल चार महिन्यांपूर्वीचा आहे, तिथे पुन्हा कशाला यायचं?

आपली फीड सुरू करायची कशी

साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर फीड चालूच आहे. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत फीड लिहा, ती उघडेल. मुळात दहा नोंदी दिसतात. रीडिंग नावाच्या सेटिंगमध्ये हा आकडा आणि पूर्ण मजकूर की सारांश, हे दोन्ही बदलता येतं. प्रत्येक विभागाची वेगळी फीडही आपोआप असते, विभागाच्या पत्त्यापुढे तोच शब्द जोडायचा. चर्चेसाठी डिस्कोर्स वापरत असाल तर ताज्या विषयांची आणि प्रत्येक विभागाची फीड तयार मिळते. पीएचपीबीबी या चर्चेच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ॲडमिन पॅनेलमध्ये फीडच्या सेटिंग्स आहेत.

विभागवार फीडचा फायदा घ्या, तो मोठा आहे. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्या मुलीला फ्री फायरचे निकाल नको असतात. तिला तिच्या खेळाची फीड द्या. आणि सगळ्यांसाठी एक "फक्त घोषणा" अशी फीड ठेवा, ज्यात स्पर्धा, बदल आणि निकाल यांखेरीज काहीही जाणार नाही. गप्पांची फीड दिली तर ग्रुपचाच ढिगारा पुन्हा तयार होतो.

साइट स्वतः लिहिलेली असेल, जशी इंजिनीअरिंगच्या पोरांची बऱ्याचदा असते, तर फाइल तयार करणारा छोटा कोड लिहावा लागेल. अवघड नाही. पण एक्सएमएल शिस्तीला फार कडक आहे. वेब पानात एखादी खूण चुकली तरी ब्राउझर सांभाळून घेतो. इथे एक चिन्ह चुकलं की अख्खी फाइल नाकारली जाते. नेहमी नडणारं चिन्ह म्हणजे &. संघाचं नाव कुणी "राजा & कंपनी" असं नोंदवलं आणि ते तसंच्या तसं फीडमध्ये गेलं, तर त्या क्षणापासून सगळ्यांचे रीडर गप्प होतात. साइट व्यवस्थित दिसत असते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फाइल हाताने जोडाजोड करून बनवू नका. ज्या भाषेत कोड लिहिता तिच्यातली एक्सएमएलची तयार लायब्ररी वापरा, ती अशी चिन्हं आपोआप सुरक्षित रूपात बदलते. मराठी मजकुरासाठी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ठेवा. मग डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या मोफत फीड तपासणी सेवेत आपला पत्ता घालून बघा, ती चूक असलेली ओळ दाखवते.

शेवटचं काम: साइटच्या पानाच्या शीर्षभागात, म्हणजे ब्राउझर वाचतो पण माणसाला दिसत नाही त्या जागेत, फीडचा पत्ता देणारी एक ओळ घाला. वर्डप्रेस ती बहुधा स्वतःच घालतं. या ओळीमुळे रीडरमध्ये नुसता साइटचा पत्ता टाकला तरी फीड सापडते. पानावर मात्र "फीड" असं दिसेलसं लिहा, जमल्यास त्या ओळखीच्या केशरी चिन्हासह. लपवलेला फलक कोण वाचणार?

बाहेरच्या फीड घेताना

आता दुसरी दिशा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावरच्या प्रत्येक खेळाच्या बातम्यांची फीड असते. पत्त्याच्या शेवटी खेळाचा क्रमांक येतो, काउंटर-स्ट्राइक २ चा ७३०, डोटा २ चा ५७०. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेलची फीड असते आणि तिच्यात ताजे १५ व्हिडिओ येतात, त्यामुळे आपल्याच मुलांचे सामन्यांचे व्हिडिओ साइटवर आपोआप आणता येतात. माझ्या दृष्टीने बाहेरून घ्यायची ही सगळ्यात चांगली गोष्ट. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या संकेतस्थळावरही आरएसएस फीड आहेत. कायद्याबद्दल अफवा उठली की ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा तिथली नोंद दाखवणं बरं. ज्या खेळाची अधिकृत फीड नाही, त्याच्या पानाचा नुसता दुवा द्या.

फीड आणताना नवखे लोक ज्या चुकीने साइट झोपवतात ती ही: कुणी पान उघडलं की प्रत्येक वेळी बाहेरच्या साइटकडे धावायचं. हिशोब करून बघा. स्पर्धेच्या संध्याकाळी पान ५०० वेळा उघडलं आणि त्यावर सहा फीड आहेत, तर ३,००० फेऱ्या झाल्या. त्यातली एक साइट मंद असली की आपलं पानही तिच्यासाठी अडून बसतं. त्याऐवजी सर्व्हरने दर अर्ध्या तासाला एकदा फेरी मारावी, आणलेलं स्वतःकडे साठवावं आणि येणाऱ्यांना साठवलेलंच दाखवावं. चार तासांत ४८ फेऱ्यांत काम भागतं. शिवाय "मागच्या वेळेपासून काही बदललं का?" असं विचारायची रीत वेबवर आहे, बदललं नसेल तर समोरचा सर्व्हर ३०४ एवढाच क्रमांक पाठवतो, फाइल पाठवतच नाही. दोघांचंही ओझं वाचतं.

दुसरी काळजी सुरक्षेची. बाहेरच्या फीडमध्ये चित्रं, खुणा, क्वचित लपवलेला कोडही येऊ शकतो. तो जसाच्या तसा आपल्या पानावर ओतला तर आपल्या सदस्यांच्या ब्राउझरमध्ये तो चालतो. आलेल्या मजकुरातून साधा मजकूर आणि दुवा ठेवून बाकी सगळं गाळून टाका.

तिसरी काळजी हक्काची. फीड उघडी आहे याचा अर्थ मजकूर आपला झाला असा नाही. मथळा, एखादी ओळ, मूळ साइटचं नाव आणि दुवा, एवढंच घ्या. पूर्ण लेख उचलून आपल्या पानावर लावणं ही सरळ नक्कल आहे.

आणि चौथी, २०२५ च्या कायद्यानंतर आलेली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. बाहेरून आपोआप येणाऱ्या मथळ्यांत "साइनअप करा, बोनस मिळवा" छापाची नोंद घुसली, तर ती आपल्याच पानावर, आपल्याच नावाखाली दिसणार. म्हणून कुठल्याही फीडला आंधळेपणाने दार उघडू नका. मोजके, जबाबदार स्रोत निवडा, नको त्या शब्दांची गाळणी लावा आणि बातम्यांच्या फीडवर एका मोठ्या माणसाची नजर ठेवा. मुलं अठराच्या आतली असतात, त्यांच्यासमोर असं काही येता कामा नये.

"व्हॉट्सॲप ग्रुप हाय की, मग हे कशाला?"

सगळ्यात आधी येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. ग्रुप बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. गप्पा, चेष्टा, संघासाठी चौथा गडी शोधणं, हे सगळं तिथेच होणार. पण ग्रुपवरचा निरोप वाहत्या पाण्यात टाकल्यासारखा जातो, आणि घोषणेला पक्का पत्ता लागतो. एका ग्रुपमध्ये १,०२४ च्या वर माणसं मावत नाहीत. शिवाय ग्रुपमध्ये आलं की आपला नंबर सगळ्यांना दिसतो, आणि या कारणासाठी बऱ्याच मुली ग्रुपमध्ये येतच नाहीत, हे मुलांच्या ध्यानातही येत नाही. फीड वाचायला नंबर लागत नाही.

खरं तर फीड ही ग्रुपची मदतनीस आहे. डिस्कॉर्ड आणि टेलिग्रामसाठी फीड वाचणारे बॉट, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम, मिळतात. साइटवर घोषणा एकदा टाकली की बॉट ती फीडमधून उचलून चॅनेलवर टाकतो. म्हणजे लिहायचं एकाच जागी. तारीख एका ग्रुपवर शनिवार आणि दुसऱ्यावर रविवार, असं होत नाही.

"दादा, आरएसएस तर मेलंय ना?"

गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हापासून हे ऐकू येतं. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सनेही आपल्यातली फीड वाचायची सोय काढली. कंपन्यांनी दुकान बंद केलं हे खरं. पण नियम कुणा कंपनीच्या मालकीचा नाही, म्हणून तो कुणाला बंद करता आला नाही. आज पॉडकास्ट चालतात ते आरएसएसवरच: नोंदीत ऑडिओ फाइलचा पत्ता जोडलेला असतो आणि पॉडकास्टचं ॲप तो वाचतं. जो पोरगा गाडीवर कानात पॉडकास्ट लावून होटगी रोडने कॉलेजला जातो, तो रोज आरएसएस वापरतो.

तुमच्या शंभर सदस्यांपैकी फीड रीडर बसवणारे मोजकेच निघतील, हे मान्य. पण बॉट, दुसऱ्या गावच्या कम्युनिटीची साइट, वार्ताहर, हे सगळे त्याच फाइलमधून वाचू शकतात.

"मग साइटवर येईल कोण?"

लोकांनी सगळं रीडरमध्येच वाचलं तर साइट ओस पडेल, ही भीती बातम्यांच्या मोठ्या साइटना असावी, त्यांचं पोट जाहिरातींवर आहे. स्पर्धेची साइट वेगळी. नाव नोंदवायला, गुणतक्ता बघायला, हरकत घ्यायला माणसाला पानावर यावंच लागतं. घोषणांची पूर्ण माहिती फीडमध्ये द्या, लांब लेखांचा सारांश द्या. एवढं पुरतं.

फीडमध्ये काय कधीच टाकायचं नाही

फीड उघडी असते आणि तिच्या प्रती होतात. तुम्ही साइटवरून पोस्ट काढली तरी ज्या रीडरने ती आधीच उचलली, त्याच्याकडे ती राहते. परत बोलावता येत नाही. म्हणून कस्टम रूमचा, म्हणजे सामन्यासाठी गेममध्ये उघडलेल्या खाजगी खोलीचा, आयडी आणि पासवर्ड फीडमध्ये कधीही जाऊ नये. नाहीतर सामना सुरू व्हायच्या आत रूम भलत्यांनीच भरलेली असेल. खेळाडूंची खरी नावं, फोन नंबर, कॉलेज, वय हेही नको. इन-गेम नाव पुरे. आणि आयोजकांचा खाजगी विभाग फीडमधून वगळला आहे का, हे लॉगिन न करता, दुसऱ्या कुणाच्या फोनवर फीड उघडून तपासा. स्वतःच्या लॉगिनमधून सगळंच दिसतं, त्यावरून काही कळत नाही.

रूमचा आयडी फीडमधून न देण्याचं आणखी एक कारण वेळेचं आहे. रीडर ठरावीक वेळाने येतो. कुणी अर्ध्या तासाने, कुणी दोन तासांनी. "दहा मिनिटांत सामना सुरू" हा निरोप फीडचं काम नाही, तो ग्रुपवर किंवा फोनवरच द्यावा. नवी नोंद आल्याबरोबर वाचणाऱ्याला हाक मारायची सोय वेबसब नावाच्या नियमात आहे आणि जानेवारी २०१८ पासून तो डब्ल्यूथ्रीसीची शिफारस आहे, पण सगळे रीडर ती वापरत नाहीत. फीडवर विसंबायचं ते तारीख, नियम, बदल आणि निकाल यांसाठी.

मराठी, तेलुगू, कन्नड

सोलापूरच्या साइटला पुण्या-मुंबईच्या साइटला न पडणारा एक प्रश्न पडतो. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. मुलं खेळताना तिन्ही भाषा मिसळतात, पण नियम वाचताना प्रत्येकाला आपली भाषा बरी वाटते, आणि परवानगी देणाऱ्या घरच्यांना तर नक्कीच. आरएसएसमध्ये पूर्ण फीडसाठी भाषेचा एकच रकाना असतो. त्यामुळे तिन्ही भाषा एका फीडमध्ये कोंबू नका, प्रत्येकीची वेगळी फीड काढा आणि त्या रकान्यात तिचा कोड घाला: मराठीचा एमआर, तेलुगूचा टीई, कन्नडचा केएन. एकाच स्पर्धेच्या तिन्ही नोंदींचे दुवे आपापल्या भाषेच्या पानावर जावेत.

हे करायला सॉफ्टवेअर अडत नाही, माणूस अडतो. तेलुगू घोषणा लिहायला अशोक चौकातला एखादा खेळाडू दर स्पर्धेला तासभर देणार असेल, तर ती फीड आजच सुरू करा. तसा कुणी मिळेपर्यंत मराठी फीड एकटी चालू द्या आणि तेलुगू फीडचा दुवा पानावर लावू नका. कारण जिथे तारीख बदलल्याची नोंद पोचलीच नाही अशा फीडवर कुणी विश्वास ठेवला, तर तो संघ पुन्हा जुन्याच तारखेला येणार.